सोनारीचा नाथ आणि ब्राँक्सची पोरे

सोनारीला जाणाऱ्याने नारळाची पिशवी उघडी धरू नये. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातले हे गाव काळभैरवनाथाचे. पण देवळाच्या आवारात खरा अंमल चालतो तो माकडांचा. कुणी त्यांना मारीत नाही. ती नाथाची माणसे! कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत असल्यामुळे दूरदूरच्या गावांहून माणसे येतात आणि चैत्रातल्या यात्रेला तर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

आम्ही गेलो ते आडदिवशी. दर्शन आटोपून सावलीला टेकलो, तो पलीकडच्या ओट्यावरून ठेका ऐकू आला. एक पोरगा पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर बोटे वाजवीत होता आणि दुसरा, विशीच्या आतबाहेरचा, श्वास न घेता काहीतरी म्हणत होता. मला वाटले, नाथाची आरती. कान दिला तर विहिरीचा तळ, विकलेली बैलजोडी, थकलेले वीजबिल!

“हे कसलं गाणं रे बाबा?” मी विचारले.

“रॅप हाय, काका,” तो लाजून म्हणाला.

वाचकांनी नाके मुरडण्यापूर्वी या रॅपचे मूळ ऐकावे. न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. तिथली वस्ती चिरीत मोठा रस्ता गेला, घरे उठली, धंदे बुडाले, राहिले ते गरीब. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका इमारतीत सिंडी कँपबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला नाचगाण्याचा कार्यक्रम केला. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०! तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच ‘कूल हर्क’, जमेकातून आलेला. गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा लागला की मंडळी बेभान नाचतात, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर घेऊन तो तुकडा तो लांबवी. त्या ठेक्यावर कुणी नाचले, कुणी शब्द जुळवले. भिंतींवर रंगवणारेही त्यांना येऊन मिळाले. हीच हिप-हॉप. यातला नाच २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकपर्यंत गेला.

आपल्याकडे मुंबईच्या गल्ल्यांतून ‘डिव्हाइन’ आणि ‘नेझी’ पुढे आले. २०१९ साली त्यांच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ चित्रपट घरोघरी पोहोचला. पुण्याच्या वस्तीतला एम. सी. स्टॅन २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकला.

आणि हे सारे परकेच, असे तरी कसे म्हणावे? कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर एकमेकांना सवाल टाकीत, तेव्हा जागच्या जागी जबाब जुळवावा लागे. सोनारीहून बार्शी काही दूर नाही. तिथे १९१६ साली अमर शेख जन्मले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले; पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदाने भरून टाकी. त्यांच्याजवळ डफ होता, या पोराजवळ डबा.

“पण तुला हेच का आवडतं?” मी विचारले.

“पेटी लागत न्हाई, क्लासची फी लागत न्हाई. मोबाइल बास. आन् आमच्यावाणी बोललं तरी कुणी हसत न्हाई.”

“घरचे काय म्हणतात?”

“दादा म्हणत्यात, पुण्याला कंपनीत लाग. लागनार की! रान पावसावर, घरात दोन बहिणी. पण लिहायचं सोडनार न्हाई. हितलं दुसरं कोन लिहिनार?”

दादा म्हणजे वडील. त्यांचेही चुकते असे मला म्हणवेना. रॅपवर पोट भरणारा हजारांत एखादा. शिवाय या गाण्यांत शिवीगाळ आणि पैशाचा तोराही पुष्कळ, हे खरेच. पण बारा-बारा तासांच्या पाळ्यांत त्या मुलाची लेखणी थांबली, तर एका कोरड्या विहिरीची हकीकत कायमची मुकी होईल.

या दिवाळीत आपल्याही घरातला एखादा मुलगा मांडीवर ठेका धरून पुटपुटताना दिसेल. अभ्यासाचे विचारायचेच आहे, पण आधी विचारावे, “काय जुळवलंस? म्हण पाहू.” आणि फराळाचे ताट बाजूला ठेवून ऐकावे.