साडेतीनशेचं तीनशे त्र्याऐंशी

इंजिन मोठं करायचं म्हणजे नेमकं काय मोठं करायचं, हा प्रश्न मला डेट्रॉईटच्या उत्तरेला राहायला आल्यावर पहिल्यांदा नीट पडला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याचं लहानपण गेलं त्याला लेथ, बोअरिंग मशीन आणि तापलेल्या लोखंडाचा वास नवा नाही. पण तिथे इंजिन उतरवलं जायचं ते गाडी धूर टाकायला लागली म्हणून. बरी चालणारी गाडी खोलायची आणि तिच्या पोटात आणखी जागा करायची, ही हौस मला अमेरिकेत भेटली.

ती इथे भेटावी यात नवल काही नाही. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने जीटीओ काढली. जनरल मोटर्सचा तेव्हा घरचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअ‍ॅकच्या मंडळींनी (जॉन डिलोरियन त्यातलेच) ३८९ घन इंचांचं इंजिन नवं मॉडेल म्हणून न आणता साध्या गाडीवरचं ऐच्छिक पॅकेज म्हणून यादीत सरकवून दिलं. नियमातून वाट काढणं ही काही फक्त आपली मक्तेदारी नव्हे! घन इंच म्हणजे सगळ्या सिलिंडरांमध्ये पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा झाडून काढतात तिचं माप. ३८९ घन इंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आपल्या मारुती ८०० ची आठ इंजिनं एकत्र केली की साधारण एवढं होतं. पुढे १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियातला डॉन येन्को नावाचा डीलर ४२७ घन इंचांच्या कमॅरो विकत होता, आणि १९७० मध्ये कंपनीने नियमच सैल केल्यावर शेव्हेलमध्ये थेट ४५४ आलं. १९७१ पासून कॉम्प्रेशन उतरलं, १९७३ मध्ये तेलाचा झटका बसला आणि खेळ आटोपला. म्हणजे सगळं मिळून दहा वर्षंसुद्धा नाहीत. तेव्हापासून लोक तीच दहा वर्षं आपापल्या गॅरेजात लांबवत बसले आहेत.

आमच्या शेजारचे आजोबा त्यातलेच. त्यांच्याकडे १९७० ची शेव्हेल मालिबू आहे. ४५४ वाली मानाची गाडी नव्हे, मधल्या घरची, ३५० घन इंचांची. जाणकार हिला मसल कार म्हणायचं की नाही यावर नाक मुरडतील. आजोबांना त्याचं काही नाही. इंजिन तेल खाऊ लागलं होतं आणि त्यांनी ठरवलं की आता उघडायचंच आहे तर ३८३ करू.

आता हे ३८३ म्हणजे काय ते सांगतो, कारण मला ते फार आवडलं. ३५० च्या सिलिंडरचा व्यास ४ इंच. झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल करायचा तर तो बोअर करून तीस हजारांश इंच मोठा करतात. इथले मशीन शॉपवाले त्याला 'तीस ओव्हर' म्हणतात. एवढा खटाटोप करून घन इंच किती वाढतात? जेमतेम पाच. ३५० चे ३५५. मोठेपणा बोअरमध्ये नाहीच, तो क्रँकमध्ये आहे. शेवरलेने १९७० मध्ये याच घराण्यातलं एक ४०० घन इंचांचं इंजिन काढलं होतं. त्याच्या क्रँकमुळे पिस्टन ३.७५ इंच प्रवास करतो, ३५० मध्ये तो ३.४८ इंच करतो. कुणा पठ्ठ्याने ४०० ची क्रँक घेतली, तिचे बेअरिंगवर बसणारे जाड भाग लेथवर उतरवले आणि ती ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवली. पाव इंचाच्या आसपास जास्त प्रवास, आणि त्यातून २७ घन इंच. बाहेरून ब्लॉक तोच, बॉनेट तेच, माउंटिंग तीच. फक्त कनेक्टिंग रॉडचे बोल्ट फिरताना ब्लॉकच्या खालच्या कडेला घासतात, तिथे ग्राइंडर लावून थोडं लोखंड खरवडावं लागतं. आता तशा क्रँका तयारच मिळतात.

तयार तर आख्खं ३८३ मिळतं! खोक्यातून येतं, वॉरंटीसकट. मशीन शॉपची मजुरी, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्किटं असा हिशेब मांडला तर विकतचं फार महाग पडतच नाही. शिवाय आजोबांचे हात थरथरतात. पार्किन्सन आहे. मी आपला शहाणपणा करून म्हटलं, "खोकंच मागवा की, शनिवार-रविवारात बसवून टाकू."

त्यावर ते जे बोलले ते ऐकून मी गप्प झालो. १९६९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ते फ्लिंटच्या व्ही-८ इंजिनांच्या कारखान्यात लागले. काम काय, तर बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट आवळायचे. पट्ट्यावरून ब्लॉक यायचा, बोल्ट आवळायचे, ब्लॉक पुढे जायचा. किती हजार इंजिनं हाताखालून गेली याची गणतीच नाही. "पण पहिल्या बोल्टापासून शेवटच्या बोल्टापर्यंत एकही नाही," ते म्हणाले. "आता करतो. तू हात दे."

मी दिवसभर बॅटरीवरच्या गाड्यांमध्ये पाणी फिरवणाऱ्या नळ्यांची गणितं करतो. पण हात दिला.

ब्लॉक मशीन शॉपमध्ये गेला आणि तिथे खरी अडचण निघाली. या इंजिनात आपल्याकडच्या ट्रॅक्टरसारख्या बदलायच्या स्लीव्ह नसतात. सिलिंडर म्हणजे ब्लॉकचंच लोखंड. जे कापलं ते गेलं. तेही चाललं असतं, तीस ओव्हरला भिंती पुरेशा जाड होत्या. पण हेड जिथे बसतं तो ब्लॉकचा माथा खराब झाला होता आणि तासायला हवा होता. आणि या इंजिनाला उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे, त्याच पातळीत, एक बोटभर पट्टी असते. तिच्यावर कारखान्यात शिक्के मारलेले असतात: गाडीच्या नंबराचा तुकडा, आणि त्याच्याशेजारी इंजिन कुठे आणि कोणत्या दिवशी जुळवलं ते. आजोबांच्या ब्लॉकवर 'व्ही' होता, म्हणजे फ्लिंट. पुढे ०३१६, म्हणजे १६ मार्च. मशीनवाला म्हणाला, "पट्टी वाचवून तासायचा प्रयत्न करतो. वचन देत नाही."

इथे आमचं जमलं नाही. माझं मत सरळ होतं: तासा. शिक्के जपायचे ते लिलावात बोली लावणाऱ्यांनी, ज्याला गाडी चालवायची आहे त्याने लोखंड वापरावं. मालिबूच्या शिक्क्यांना तिकडेही कोणी विचारत नाही. आजही मला तसंच वाटतं. इंजिनाचा फोटो काढा आणि भिंतीवर लावा! पण तो दिवस सोमवार होता हे कॅलेंडर काढून मीच त्यांना सांगितलं, आणि त्यावर ते बराच वेळ हसत राहिले. सोमवारी लाइनवर माणसं कमी असायची म्हणे. त्या दिवशी आपण कामावर होतो की दांडी मारली होती, हे त्यांना आठवत नव्हतं. होते असं धरलं तर या इंजिनाचे बोल्ट त्यांनी आवळलेले असू शकतात. नसले तर दुसऱ्या कुणीतरी. हे कळायला काही मार्ग नाही, आणि त्या पट्टीखेरीज त्या सोमवारचं काही उरलेलंही नाही.

त्यांनी ब्लॉक घरी परत आणला. सिलिंडरांना तेल चोळलं, स्टँडवर चढवला, वर प्लॅस्टिक ओढलं. आणि एका भंगारवाल्याकडून सत्तरच्या दशकातल्या पिकअप ट्रकचा ३५० चा ब्लॉक आणला. चार बोल्टांच्या कॅपांचा, म्हणजे खरं तर जास्त भक्कम. तो बेधडक कापला, तासला, खरवडला.

पूर्ण हिवाळा गेला. बेअरिंगची फट मोजायला मेणासारखा एक बारीक धागा असतो. तो ठेवायचा, कॅप आवळायची, पुन्हा उघडायची आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीशी ताडून बघायचं. धागा मी ठेवायचो, वाचायचे ते. पिस्टनवर रिंगा चढवायचं काम त्यांनी दोनदा हातात घेतलं आणि दोन्हीदा न बोलता माझ्या हातात दिलं. पण मेन कॅपचे बोल्ट मात्र सगळे त्यांनीच आवळले. टॉर्क रेंच लांब असल्याने हाताची थरथर त्यात कुठेतरी जिरून जायची. मी फक्त टक असा आवाज मोजत होतो.

एप्रिलमध्ये चालू केलं. या जुन्या धाटणीच्या कॅमशाफ्टला पहिली वीसेक मिनिटं दोन हजारांच्या आसपास फिरवत ठेवावं लागतं, आयडलवर सोडायचं नाही, आणि जस्त जास्त असलेलं तेल घालायचं. नाहीतर कॅमची टेकाडं तिथल्या तिथे झिजतात. वीस मिनिटं आजोबा रेडिएटरशेजारी वाकून ऐकत उभे होते. सायलेन्सर अजून जोडायचा होता, त्यामुळे ऐकायला अर्धी गल्ली आली होती.

नंतर इंजिन थंड झाल्यावर त्यांनी मला टॉर्च आणायला लावला. त्यांनी नव्या ब्लॉकची पट्टीसुद्धा मशीनवाल्याला सोडायला सांगितली होती, आणि त्याला ते या वेळी जमलं होतं. पहिलं अक्षर 'टी'. म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा कारखाना.

"टोनावांडा," ते म्हणाले, जसं आमच्याकडे सांगलीकराचं नाव घेतात तसं. "म्हणूनच बोल्ट आपल्याला परत आवळावे लागले."