मापानें बेतलेलें यंत्र

तयार कपड्यांचीं दुकानें गांवोगांव निघालीं तेव्हांपासून शिंप्याकडे जाऊन माप देण्याची चाल मोडत चालली. देव्हारा सुताराकडून, पाटल्या सोनाराकडून आणि सदरा शिंप्याकडून, असा आमच्या वडील पिढीचा शिरस्ता होता. वस्तु घरीं येण्यापूर्वीं चार खेपा घालाव्या लागत, दोन वेळां तक्रार करावी लागे, आणि त्या खेपांतच ती वस्तु आपली होऊन जाई. आतां सर्व कांहीं खोक्यांत बंद होऊन दाराशीं येतें. अशा काळांत अगदीं अलीकडचें म्हणून जें यंत्र, तो संगणक मात्र अजून माप देऊन बेतून घेतां येतो, हें कळलें तेव्हां आम्हांस मोठी मौज वाटली. ती मौज आम्हांस कितीला पडली तें आमच्यासारख्याच भरल्या घरांत राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें लिहीत आहों.

आमचें बिऱ्हाड धाराशिवास. लहानमोठीं मिळून अकरा माणसें. वडील बंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यापासून मोडी कागदांच्या नादीं लागले आहेत. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सरकारी दप्तर उर्दूंत चाले. परंतु घरचे जमाखर्च, वाटणीपत्रें, देणेंघेणें हें कित्येक घरीं मोडींतच लिहिलेलें सांपडतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी-सास्तूरकडे भूकंप झाला, तेव्हां दगडमातीच्या भिंतींखालीं माणसांबरोबर असे कागदही गाडले गेले. त्या ढिगाऱ्यांतून निघालेली एक पत्र्याची पेटी लोहारा तालुक्यांतील आमच्या सोयऱ्यांनीं दादांच्या स्वाधीन केली. कागद ओल खाल्लेले, घडीवर मोडणारे. दादांनीं एकेका पानाचें छायाचित्र घेऊन तीं आमच्या जुन्या संगणकांत सांठविलीं; पानें चौदा हजारांवर गेलीं. आणि गेल्या पावसाळ्यांत त्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊं लागला. जाणत्यांस सांगावयास नको कीं, डिस्कचा असा आवाज म्हणजे घटका भरत आल्याचें लक्षण. दुसरीकडे प्रत घ्यावी, तर तें यंत्र पाव तास चालून आपोआप बंद पडे.

त्यांतच धाकट्या बंधूंची कन्या. ती पुण्यास वास्तुरचना शिकते, आणि इमारतींचीं त्रिमिति चित्रें काढण्यास तिला दमदार यंत्र हवें होतें. एका यंत्रांत दोघांचीही सोय पाहावी, असें ठरलें.

तयार यंत्र घ्यावें कीं सुटे भाग निवडून जुळवून घ्यावें, यावर तीन संध्याकाळ खल चालला. धाकटे बंधु तयार यंत्राच्या बाजूचे : कारखाना एक, हमीपत्र एक, बिघाड झाला तर भांडावयाचें दारही एकच. पुतणीचें म्हणणें असें कीं, तयार यंत्रांत जाहिरातींत दिसणारे भाग चांगले घालतात आणि न दिसणारे हलके. विशेषतः वीज पुरविणारा डबा. पुढें मेमरी वाढवावी म्हटलें तर तिला जागाच ठेविलेली नसते. निवाडा वहिनींनीं दिला. "तयार पोलकें आणून बाह्या उसवीत बसण्यापेक्षां पहिल्यानेंच माप कां देऊं नये?" असें त्या म्हणाल्या, आणि बाजू मांडावयास कोणी उरलें नाहीं.

संगणक असा सुट्या भागांचा जुळवितां यावा, याचें श्रेय बरेंचसें आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीस जातें. १९८१ च्या ऑगस्टमध्यें तिनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला तो घाईनें. म्हणून बहुतेक भाग बाहेरच्या कारखान्यांतून विकत घेतले, आणि आंतील जोडणीचे नकाशेही छापून विक्रीस ठेविले. मग काय! जगभर त्या बेताचे भाग निघूं लागले. त्यापूर्वीं संगणक म्हणजे खरोखर हातानें घडविण्याची वस्तु होती. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं आपल्या लोकांनीं 'टिफ्रॅक' उभा केला, त्याची स्मृति ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें १० किलोबाइट. आमच्या यादींत ३२ गिगाबाइट मेमरी होती. दादांनीं पाठकोऱ्या कागदावर भागाकार करून पाहिला. उत्तर तेहतीस लाखांच्या वर आलें. "एवढी स्मृति घेऊन करावयाचें काय?" असें त्यांनीं विचारलें. "मोठे काका, माझें एक चित्र उघडलें कीं निम्मी भरते," असें पुतणीनें उत्तर दिलें.

यादी तिनेंच केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरीच्या १६-१६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या, एस.एस.डी., ग्राफिक कार्ड, प्रोसेसर थंड राखणारा धातूचा कूलर, वीज पुरविणारा एस.एम.पी.एस., आणि हें सर्व पोटांत घेणारें कॅबिनेट. मदरबोर्ड या शब्दावर आत्याबाई फार खूष झाल्या. सर्वांस जोडून धरते ती आईच, असें त्यांचें म्हणणें. वीज-डब्याविषयीं मात्र पुतणी हट्टास पेटली. भरकामांत यंत्र अडीचशें-तीनशें वॅट ओढील, तरी डबा ६५० वॅटचा व नांवाजलेल्या घडणीचाच हवा; कारण तो बिघडला तर एकटा मरत नाहीं, सोबत्यांस घेऊन जातो. आमच्याकडे संध्याकाळीं विजेचा दाब कसा खालींवर होतो हें पाहिल्यावर हा खर्च कोणासही जड वाटूं नये. यू.पी.एस. घेतांनाही पुसून घ्यावें, स्वस्त यू.पी.एस. विजेची लाट गोल न देतां पायऱ्यापायऱ्यांची देतात, ती कित्येक नव्या वीज-डब्यांस सोसत नाहीं.

एका मोठ्या शहरांतील दुकानास काम दिलें. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आगाऊ पैसे भरले, बिलावर प्रत्येक भागाचा क्रमांक निरनिराळा लिहून मागितला (ही गोष्ट प्रत्येकानें करावी), आणि आठव्या दिवशीं यंत्र चालत असल्याचें चलच्चित्र आमच्या फोनवर आलें. मग खोकें निघालें सोलापूर-तुळजापूर मार्गें. येथून जवळच तेर आहे. त्याचें जुनें नांव तगर. पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापारी ग्रंथांत असें नमूद आहे कीं, तगराहून माल गाड्यांवर घालून अवघड वाटांनीं भडोच बंदरास नेत. तो माल बहुतेक कापडाचा असे. कापडास धक्के लागले तर फारसें बिघडत नाहीं.

खोकें आलें, बाहेरून शाबूत. कुंकू लागलें, नारळ फुटला. कळ दाबतांच पंखे फिरूं लागले, आंत रंगीत दिवे उजळले, मुलांनीं टाळ्या पिटल्या. पडदा मात्र काळा. सिग्नल नाहीं, एवढेंच इंग्रजींत उमटलें आणि विझलें.

एकत्र कुटुंबाची खरी परीक्षा अशा वेळीं होते. आत्याबाईंनीं पंचांग काढलें. धाकट्या बंधूंनीं, मी आधींच सांगत होतों, हें वाक्य एकदां नव्हे, दोनदां उच्चारलें. शेजारचे एक गृहस्थ व्हायरस असल्याचें सांगून गेले. ज्या यंत्रांत अजून एकही प्रोग्राम घातलेला नव्हता त्यांत व्हायरस कोठून शिरणार, हें त्यांस विचारण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. दुकानदारास फोन केला तेव्हां उत्तर आलें, आमच्याकडून चालतें यंत्र निघालें, परत पाठवावें, भाडें तुमचें, तपासणीस दोन आठवडे. माल वाहणाऱ्यांचें म्हणणें, खोकें फुटलेलें नाहीं, सबब आमचा संबंध नाहीं. भाग करणाऱ्या कारखान्यांचें म्हणणें, भाग नादुरुस्त ठरल्यास बदलून देऊं. कोणता तें तुम्हीं सांगावें. बेतून घेतलेल्या यंत्राचें हें मर्म आम्हांस त्या दिवशीं कळलें. प्रत्येक भागास आईबाप असतात. जोडणी तेवढी पोरकी. बरें, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार नेतां येते, दुकानाच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. पण दादांच्या डिस्कला निकालापर्यंत धीर कोठून असणार? ती पलीकडच्या खोलींत टक् टक् करीतच होती.

पुतणीनें एक शंभर पानी वही घेतली आणि घरास दोन नियम घालून दिले. एका वेळीं एकच बदल करावयाचा. आणि बदल केल्यावर काय झालें तें लिहिल्याशिवाय दुसऱ्यास हात लावावयाचा नाहीं. दादांस गोरोबाकाकांची आठवण झाली. तेरच्या त्या कुंभारानें थापटणें घेऊन संतांचीं मडकीं एकेक करून वाजविलीं, आणि नामदेवाचें कच्चें ठरविलें, ही कथा आपण सर्वांनीं कीर्तनांतून ऐकलेली आहे. काकांनीं सगळीं मडकीं एकदम वाजविलीं नाहींत, हें दादांनीं धाकट्या बंधूंकडे पाहून सांगितलें.

पहिल्यानें पडद्याची तार पाहिली. ती ग्राफिक कार्डांतच होती. नवी मेमरी पहिल्या वेळीं स्वतःची जुळणी करण्यांत कित्येक मिनिटें घालविते व तोंवर पडदा काळाच राहतो, म्हणून घड्याळ लावून वीस मिनिटें सर्वांस गप्प बसविलें. (हा प्रयोग घरांत पुन्हां करावा असें आमचें मत आहे.) कांहीं झालें नाहीं. मग तिनें मदरबोर्डाच्या कडेचे चार बारीक दिवे दाखविले. यंत्र जागें होतांना प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक व डिस्क यांपैकीं ज्यापाशीं अडतें त्याचा दिवा लागून राहतो. मेमरीचा दिवा लागलेला होता.

वीज तोडून, कळ दाबून उरलेली वीज जिरवून, कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरची स्थिर वीज काढून, तिनें पट्ट्या उपसल्या. पट्ट्या दोन, खांचा चार. एकेक पट्टी एकेका खांचेंत घालून आठ प्रयोग झाले आणि वहींत आठ ओळी. त्यांतून निघालें तें असें : दोन्ही पट्ट्या उत्तम, प्रोसेसरच्या बाजूच्या दोन खांचांत कोणतीही पट्टी चालत नाहीं, पलीकडच्या दोन खांचांत कोणतीही चालते. गांवांतील एका दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविलें. त्यानें दोन मिनिटांत मदरबोर्ड जळाल्याचें सांगितलें व नव्याची किंमतही सांगितली. पुतणीनें वही पुढें केली. जळालेल्या बोर्डाच्या निम्म्याच खांचा कशा मेल्या, असें विचारलें. त्यास काम आठवलें.

त्या रात्रीं ती मदरबोर्डाची माहिती-पुस्तिका वाचीत बसली. मेमरीच्या खांचांतून निघणाऱ्या तारा थेट प्रोसेसरास मिळतात, आणि प्रोसेसर खालच्या बैठकीवर सुमारें सतराशें सूक्ष्म स्पर्शबिंदूंनीं टेकलेला असतो. दाब सारखा नसेल तर एका बाजूचे बिंदु टेकत नाहींत. आणि त्या प्रोसेसरच्या डोक्यावर पाऊण किलोचा कूलर! यंत्र उभें असलें म्हणजे तो भिंतींतल्या फळीसारखा आडवा लोंबतो. आंत फोमची उशी न घालतां त्यास घाटारस्त्यानें आणलेला. सकाळीं बोटानें हलवून पाहिलें, तर एका कोपऱ्याचा स्क्रू सैल, कूलर कललेला. दिवा लागला तो मेमरीवर. मेमरी बिचारी निर्दोष.

कूलर काढून जुनी पेस्ट स्पिरिटानें पुसली, प्रोसेसर नीट बसविला, बाजारांतून आणलेली नवी पेस्ट वाटाण्याएवढी घातली, आणि स्क्रू एकदम न पिळतां समोरासमोरचे आळीपाळीनें दोनदोन वेढे देऊन आवळले. मोटारीच्या चाकाचे आवळतात तसे. पट्ट्या जागच्या जागीं गेल्या. कळ दाबली. दिवा लागला, थोडा वेळ राहिला, विझला, आणि पडद्यावर ३२ गिगाबाइट ही अक्षरें आलीं. आत्याबाईंनीं मुलीची दृष्ट काढली. यंत्राची नव्हे, हें आम्हीं मुद्दाम लिहून ठेवितों.

एक काम तरीही उरलें. कॅबिनेटास हात लागतांच बोटांस मुंग्या येत. हा दोष यंत्राचा नव्हे, वाड्याचा. वीज-डब्यांतील गाळणी थोडी वीज धातूच्या सांगाड्याकडे सोडते, ती तिसऱ्या पिनेनें जमिनींत जावयाची. आमच्या जुन्या वायरिंगमध्यें तिसरी पिन नुसती शोभेची होती. इतकीं वर्षें फ्रीज व धुण्याचें यंत्र याच पिनेवर चाललें, हें आठवून वहिनी गंभीर झाल्या. वायरमन बोलावून परसांत खड्डा घेतला, तांब्याचा पत्रा, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलें. मुंग्या थांबल्या. ज्यांच्या घरीं जुनें वायरिंग असेल त्यांनीं संगणक येण्याची वाट न पाहतां हें काम उरकावें.

दुकानदारास वहीचीं छायाचित्रें व सैल स्क्रूचें चित्र पाठविलें. चूक कबूल केल्याचें पत्र आलें नाहीं. पेस्टेचे व भाड्याचे पैसे तेवढे मुकाट्यानें परत आले. पुन्हां यंत्र घ्यावयाचें झाल्यास आम्ही बेतूनच घेऊं. मात्र कूलर प्रवासांत सुटा पाठवावा आणि येथें बसवावा, हें मागणीपत्रांत पहिल्या ओळींत लिहूं. घरांत वही घेऊन बसणारें कोणी नसेल त्यांनीं मात्र तयार यंत्र घ्यावें, हें धाकट्या बंधूंचें मत आम्हांसही मान्य आहे.

या सर्व खटपटींत अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशीं जुनी डिस्क काढून नव्या यंत्रास जोडली आणि प्रत घेण्यास आरंभ केला. रात्रभर दादा शेजारीं खुर्ची टाकून बसले होते. पहांटे डिस्क थांबली ती पुन्हां फिरली नाहीं. तेरा हजार सातशें पानें आलीं होतीं. शेवटच्या पेटींतलीं तीनशेंच्या आंतबाहेर राहिलीं. कागद अजून आहेत, पण त्यांतल्या कित्येकांच्या घड्या मधल्या काळांत आणखी तुटल्या आहेत. दादा रोज सकाळीं उजेड चांगला असतो त्या वेळीं खिडकीशीं दहाबारा पानें काढतात, पुतणी सुट्टींत आली म्हणजे कडा जुळवून देते, आणि संध्याकाळीं त्यांच्या दोन निरनिराळ्या डिस्कांवर दोन प्रती होतात. एकशेंचाळीस झालीं आहेत.