पारडाचं दूध

व्हीगन झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मी केलेल्या बऱ्याच चुका माझ्या अंगावरच निभावल्या. बी-१२ हे जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही हे वाचूनही गोळ्या घेतल्या नाहीत. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांकडे गेले. आईच्या चहातलं दूध तिला न विचारता बंद केलं. ती भांडली नाही. कोरा चहा प्यायली आणि माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. जोगेश्वरीच्या बाजूच्या तबेल्यातून आणलेल्या रेडकाच्या बाबतीत मात्र चूक मी केली आणि जीव त्याचा गेला.

अंधेरीत वाढलेल्या माणसाला तबेला नवा नाही. शहरातले गोठे बाहेर हलवावेत म्हणून दारा खुरोडींच्या पुढाकाराने १९४९मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली, १९५१मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तरी उपनगरात खाजगी तबेले राहिलेच. तिथे म्हैस येते ती ताजी व्यायलेली किंवा व्यायला टेकलेली, बहुतेकदा हरियाणा-गुजरातेतून. दूध आटलं की ती जाते आणि तिच्या दाव्याला दुसरी बांधली जाते. पारडी झाली तर निदान कुणी पाळायला नेईल ही आशा तरी असते. रेडकाला ना दूध, ना इथे नांगर. ते जे दूध पिईल ते गिऱ्हाईकाच्या कॅनमधून वजा होणार. गायीच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने बंदी आली, २०१५मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा बाहेरच राहिले. ज्या रेड्याच्या तोंडून ज्ञानोबांनी वेद वदवले त्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे, तिथे लोक नारळ फोडतात. त्याच रेड्याचं पिल्लू आपल्या दुधाच्या हिशेबात कुठेच नसतं, याचा मला आजही संताप येतो.

हाच संताप घेऊन मी त्या तबेल्यात गेले. दाराजवळ शेणाच्या ओलीत एक रेडकू बसलं होतं. राखाडी काळं, विरळ केसांचं, बरगड्या मोजता येतील असं. मी हात पुढे केला तसं त्याने माझी बोटं तोंडात घेतली आणि चोखायला लागलं. जीभ खरखरीत होती आणि तिला ओढ इतकी होती की मला बोटं सोडवून घेववेनात. तिथे काम करणाऱ्या भैयाशी मी फार वाईट बोलले. तो मालक नव्हता. जौनपूरकडून आलेला, म्हशींच्या डोक्यावर फळ्यांच्या माळ्यावर झोपणारा पगारी माणूस. त्याला मी कसाई म्हटलं. मालकाने थोडे पैसे घेऊन रेडकू देऊन टाकलं. टेम्पोत चढवताना भैयाने विचारलं, ‘‘दीदी, दूध का इंतजाम है ना? इसकी माँ का ले जाओ, दो लीटर निकाल देता हूँ.’’

मी म्हटलं, तुमच्याकडचं दूध आम्हाला नको.

मुंबईबाहेरच्या एका निवारा केंद्राची गाडी दोन दिवसांनी येणार होती. तोवर मैत्रिणीच्या बैठ्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये पोतं अंथरून त्याला ठेवलं. तबेल्याला दुधाचे पैसे द्यायचे नाहीत आणि दुकानातूनही जनावराचं दूध आणायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून सोयादूध कोमट करून बाटलीने पाजलं. ते अधाशासारखं प्यायलं आणि मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पांढरट, पाण्यासारखी हगवण लागली. दुपारी कान गार पडले. मान पोटाकडे वळवून ते तसंच पडून राहिलं.

जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी त्याची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, जागेवर परत गेली नाही. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. याला चीक मिळाला होता का? आणि हे काय पाजलंत? मग सलाईन लावता लावता सांगितलं, म्हशीच्या पोटात असताना पिल्लाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती येतात चिकातून, आणि आतडं ती घेऊ शकतं ते जन्मानंतर जेमतेम एक दिवस. त्यातही पहिले काही तास महत्त्वाचे. शिवाय इतक्या कोवळ्या पोटाला सोयाबीनचं प्रथिन नीट पचत नाही. रात्री ते मेलं.

चिकाबद्दल ऐकताना मला आमच्या स्वयंपाकघरातला खरवस आठवत होता, गूळ-वेलची घातलेला, वर जायफळ. माझा सगळ्यात आवडता पदार्थ होता तो. मुंबईत चीक विकत मिळतो म्हणजे कुठल्या तरी पारडाला तो मिळालेला नसतो, एवढा साधा विचार इतकी वर्षं मनात आला नव्हता. तबेल्याने या रेडकाचा चीक विकला असेल. दूध मात्र मी तोडलं. ते देणारा माणूस समोर उभा होता, भांडं घेऊन.

घरी आईला सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी सलग बोलली. तिच्या माहेरी, संगमेश्वरकडे, म्हैस होती. धार काढताना दोन सड पारडाचे सोडायचे, तिला लहानपणीच शिकवलं होतं. चीकही त्याचं पोट भरल्यावर उरेल तेवढाच काढायचा आणि आळीत वाटायचा. ‘‘मला विचारलं असतंस तर,’’ एवढं म्हणून ती थांबली. तिला विचारण्यासारखं घर मी ठेवलं नव्हतं.

त्यानंतर मी गांधीजींच्या आत्मकथेतलं बकरीच्या दुधाचं प्रकरण पुन्हा वाचलं. जास्त दूध निघावं म्हणून गायी-म्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकारामुळे त्यांनी दूध सोडलं होतं. १९१९च्या सुरुवातीला मुंबईत आजारी असताना डॉक्टर दलालांचा आग्रह आणि कस्तुरबांचं म्हणणं यांपुढे ते बकरीचं दूध प्यायले. व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, याचा सल त्यांनी लिहून ठेवला आहे. त्यांनी स्वतःच्या जिवासाठी व्रत वाकवलं आणि तरीही त्यांना ते टोचत राहिलं. मी दुसऱ्याच्या जिवापुढे ते ताठ ठेवलं आणि तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता. दूध सोडायचं, कारण ते पिल्लाचं असतं. हे मीच सगळ्यांना ऐकवत असे.

भैयाला भेटायला गेले. त्याने आधी विचारलं ते रेडकाचंच. मी खरं सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ म्हशीला पाणी घालत राहिला. मग त्याने मला हिशेब सांगितला, जो मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. म्हैस लाखाच्या पुढे, तीही उधारीवर, चारा रोज, व्याज रोज. रेडकू जगवायचं की हप्ता भरायचा, हे मालक ठरवतो आणि गिऱ्हाईकाच्या भावावर ठरवतो. मी दिलेल्या पैशांनी त्या व्यवहारात एका रेडकाला किंमत आली, एवढंच झालं होतं.

दूध, तूप, पनीर मी आजही घेत नाही आणि घेणार नाही. आईचा चहा आता आई करते, तिच्या पद्धतीने. रेडकू विकत घेऊन सोडवायचं असं कुणी उत्साहाने म्हणालं तर मी आधी विचारते, त्याच्या दुधाची सोय काय? ज्या केंद्राची गाडी तेव्हा येणार होती, तिथे पोरकी वासरं आणि रेडकं येतच असतात. त्यांच्यासाठी बाहेरून दूध विकत आणावं लागतं. दर महिन्याला त्या दुधाचं जे बिल होतं, त्यातला जमेल तेवढा भाग मी भरते.