रुमालाखालचा भाव

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, सासर शहापूर तालुक्यातलं. मुरबाडजवळ म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते, तिथला जनावरांचा बाजार मोठा. लहानपणी मी वडिलांबरोबर जायची. दोघं हातावर रुमाल टाकत आणि आत बोटं दाबून बैलाचा भाव ठरवत. भोवती पन्नास माणसं, पण आकडा दोघांनाच ठाऊक. त्याला कोणी लबाडी म्हणत नसे.

आज आमच्या घरात चांगला मोबाईल एकच, तो सगळ्यांचा. सकाळी ह्यांना भाताचा भाव बघायचा, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. मध्यंतरी धाकट्या जावेच्या अंगावरून फार जाऊ लागलं. दवाखान्यात जायची लाज, म्हणून म्हणाली, "ताई, आधी मोबाईलवर बघू या का?"

बघायला हरकत नव्हती. पण मोबाईल लिहिलेलं विसरत नाही. उद्या पोरानं एक अक्षर दाबलं की आपलं कालचं वाक्य मामंजींसमोर हजर!

कॉलेजात जाणाऱ्या भाचीनं मला एक युक्ती शिकवली होती. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात. ती दाबली की नव्या इन्कॉग्निटो टॅबचं नाव येतं. त्या टॅबमध्ये जे बघाल ते टॅब बंद केल्यावर मोबाईलच्या यादीत राहत नाही. उतरवून घेतलेला फोटो मात्र राहतो, तो आपण पुसायचा.

पण ही आड घरच्यांपुरतीच, बरं का. आपण कुठल्या साइटवर गेलो ते मोबाईल कंपनीला कळू शकतं, त्या साइटलाही कळतं. ह्यावरूनच 2020 साली अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि 2024 मध्ये तडजोडीत गूगलनं साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. म्हणून त्या टॅबमध्ये आपलं नाव, नंबर, आधार काही घालायचं नाही. आणि नेहमीच्या टॅबमध्ये आधी काही शोधलं असेल, तर गूगलच्या खात्यात 'माय अ‍ॅक्टिव्हिटी' उघडून ते पुसता येतं. तीन महिन्यांनी आपोआप पुसलं जाईल अशी सोयही तिथं आहे.

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आमच्या ओसरीपर्यंत तो निकाल अजून चालतच येतो आहे!

त्या रात्री आम्ही दोघी चुलीपाशी बसून वाचलं. इतकं जाणं अंगावर काढू नये, एवढं तिला पटलं. चार दिवसांनी मी तिला शहापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयात लहान गाठ निघाली. औषध चालू आहे, रक्तवाढीच्या गोळ्याही.

हे लिहू का म्हणून तिला विचारलं. म्हणाली, "नाव घालू नका, बाकी लिहा." आता तो टॅब ती स्वतः उघडते. काय बघते, ते मी विचारत नाही.