पॉज करून बदनापूर

‘वीकेण्डला कुठे?’ असं ऑफिसात कुणी विचारलं की मी ‘गावी’ म्हणून सुटतो. बदनापूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘हे कुठे आलं?’ जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या मधलं, हायवेवरचं गाव. तुरीच्या शेतकऱ्याला विचारा, तो लगेच ओळखेल. ‘बीडीएन ७११’ हे तुरीचं वाण इथल्या कृषी संशोधन केंद्राचं. त्यातलं ‘बीडीएन’ म्हणजे आमचं बदनापूर!

यावेळी सोबत एक जुनी उधारी नेली होती. भायखळ्याच्या राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली सुरू झालेलं, मोठ्या डागडुजीनंतर २००८मध्ये पुन्हा उघडलेलं. सहा वर्षं मुंबईत काढली, पण तिथलं एकही व्याख्यान गाठता आलं नाही. व्याख्यानाची वेळ आणि बॉसचं ‘जस्ट फाइव्ह मिनिट्स’ नेमकं एकाच वेळी! भलं होवो त्या रेकॉर्डिंगवाल्यांचं.

ओट्यावर लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांत आजी शेजारी. ‘काय बोलायली ती बाई?’ बाई बोलत होती इंग्रजीत. मग काय, दर दोन वाक्यांना पॉज आणि माझं मोडकंतोडकं भाषांतर. तेवढ्यात पडद्यावर संग्रहालयातली मातीची छोटी डोकी आली. एकेका समाजाची पगडी, फेटा, टोपी.

‘थांबीव,’ आजी म्हणाली. बराच वेळ बघत राहिली. ‘ह्यात तुझ्या आजोबांचा रुमाल न्हाई.’

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे बरं का. आमच्याकडे डोक्याला बांधतात ते लांबलचक पांढरं कापड. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. बाबा साधी टोपीसुद्धा घालत नाहीत. रुमाल बांधता येणारं घरात कुणीच उरलेलं नाही, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

आजीने ट्रंकेतून तो काढला. तिने स्वतः कधी बांधला नव्हता, पन्नास वर्षं नुसता पाहिला होता. मी मोबाइल तांब्याला टेकवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिच्यापुढे डोकं वाकवून बसलो. दोनदा सुटला. ‘डाव्या कानावरून घेत व्हते का उजव्या?’ ती स्वतःशीच पुटपुटत होती. तिसऱ्यांदा बसला.

व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. शेवटचं टोक कुठे खोचलं, ते नेमकं तिच्या पदराआड गेलंय. दिवाळीला पुन्हा जातोय. व्याख्यान अजून एकतिसाव्या मिनिटावर थांबलेलं आहे.