खोडलेले पान

माझे एक स्नेही तारखात्यात तंत्रज्ञ होते. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. त्यापूर्वीच ते निवृत्त झाले होते. सध्या ते वाई येथील आपल्या बालपणाच्या विनोदी आठवणी लिहीत आहेत. तारेत शब्द वाढला की पैसे वाढत. त्यामुळे त्यांच्या वहीत एकही शब्द फाजील सापडत नाही.

कृष्णाकाठी, १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाजवळ ते एकदा पोहत होते. तेवढ्यात गाईने त्यांचा सदरा चघळून टाकला! भर बाजारातून उघड्या अंगाने घरी जाताना, "नवस फेडतो आहे," असे ते गंभीरपणे सर्वांना सांगत गेले. हे वाचून माझी हसून मुरकुंडी वळली.

एक पान मात्र त्यांनी खोडले होते. त्यात एका तोतऱ्या सोबत्याची नक्कल होती. मी कारण विचारले. ते म्हणाले, "मास्तर, तेव्हा आम्ही सारे हसलो, तो एकटाच हसला नव्हता."

मुलांनो, सदऱ्याची गोष्ट त्यांनी ठेवली, कारण तीत हसे त्यांचे स्वतःचे होते. दुसऱ्याचे डोळे ओले करून पिकविलेला हशा हा विनोद नव्हे.