बनारसच्या चित्रातल्या विटा

अमूर्त चित्र समजणे हे शिकल्यासवरलेल्यांचे काम, असे आपल्याकडे पुष्कळजण मानतात. त्यामुळे पनवेलच्या आमच्या घरात रामकुमार यांच्या बनारसच्या चित्राची छापील प्रत लागली, तेव्हा शेजारी विचारू लागले, "हे काय आहे? आणि काशी आपल्या भिंतीवर कशाला?"

प्रश्न रास्त आहे. चित्रकार रामकुमार (१९२४-२०१८) हे १९६० साली हुसेन यांच्याबरोबर बनारसला गेले आणि पुढे अनेक वर्षे ते शहर रंगवीत राहिले. हळूहळू त्या चित्रांतून माणसे गेली, मग घरे आणि घाटही ओळखू येईनासे झाले. उरले ते एकमेकांना खेटलेले राखाडी, मातकट तुकडे.

आमची आई म्हणाली, "ही तर चाळ. माणसं कामाला गेलीत." धाकटी म्हणाली, "घरं आहेत, पण आत जायला दार कुठंय?" दोघींचेही खरे. कबीर आणि रविदास यांच्या त्या नगरीत कोणाकोणाला दारे बंद होती, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आम्हाला त्या तुकड्यांत विटा दिसतात. बनारसपासून दहाएक किलोमीटरवर सारनाथ. तिथे तथागतांनी पंचवर्गीय भिक्खूंना पहिला उपदेश दिला. तिथला धर्मराजिका स्तूप १७९४ साली जगतसिंग यांच्या माणसांनी विटांसाठी खणला. आत दगडी पेटी सापडली, तीत अस्थी होत्या. अस्थी गंगेत सोडल्या आणि विटा बनारसच्या बांधकामाला गेल्या. म्हणजे त्या प्राचीन नगरीच्या भिंतींत आपला स्तूपही आहे.

रामकुमार यांच्या मनात हेच होते, असे आमचे म्हणणे नाही. पण चित्रात नाव लिहिलेले नसले, की पाहणाऱ्याला आपला इतिहास घेऊन पुढे यावे लागते. परिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब काठमांडूहून परतताना बनारसला थांबले आणि सारनाथलाही गेले. नगरी परकी म्हणून त्यांनी पाठ फिरवली नाही.

१९२७ साली महाडला आपण पाण्यावरचा हक्क बजावला. चित्र पाहण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा हक्कही कोणी आणून देणार नाही. मुलांना चित्रांसमोर उभे करा. "हे काय आहे?" असे त्यांनी विचारले, तर उत्तर सांगण्याची घाई करू नका. "तुला काय दिसतं?" एवढेच विचारा.